फरीदाबादचं भुयार

१

मी काय काम करतो हे सांगायला लागलो की समोरचा माणूस जांभई देतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. मुख्य ऑफिस नोएडात, कारखाना फरीदाबादला, गोदामं इकडेतिकडे. ही सगळी ठिकाणं एकमेकांना जोडलेली ठेवणं हे माझं काम. फरीदाबादला कोणी बिल केलं की ते नोएडात त्याच क्षणी दिसलं पाहिजे. दिसलं, तर माझं अस्तित्व कोणाच्या लक्षातही येत नाही. नाही दिसलं, की चड्ढासाहेबांना पहिला मी आठवतो.

माझी बायको अलका फरीदाबादच्या कारखान्यात अकाउंट्सला होती. आम्ही मयूर विहारला राहतो. सकाळी ती कंपनीच्या बसने एका दिशेला जायची, मी मेट्रोने दुसऱ्या. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी टेबलावरच्या फोनवरून तिच्या टेबलावरचा नंबर फिरवायचो. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात बोलायला आमचीच लाइन, त्यामुळे पैसे पडत नाहीत, आणि फुकट ते पौष्टिक.

"अहो, डबा खाल्लात का?"

"खाल्ला. भेंडी बरी झाली होती."

"बरी?"

"उत्तम झाली होती."

एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसं याहून जास्त काय बोलतात? पण त्या फोनशिवाय माझी दुपार सरायची नाही.

अडचण अशी की फरीदाबादची लाइन सारखी तुटायची. तिथला रस्ता कायम खणलेला. ही लाइन म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र तार, खणणाऱ्याने तोडली की संपलं. त्यावर एक साधा उपाय असतो. साध्या इंटरनेटच्या गर्दीतूनच आपल्यापुरती एक झाकलेली वाट काढायची. आम्ही तिला टनेल म्हणतो, अलका भुयार म्हणायची. भुयाराच्या दोन्ही तोंडांशी एकेक यंत्र असतं आणि दोन्ही यंत्रांत एकच परवलीचा शब्द भरावा लागतो. शब्द जुळला तरच वाट उघडते.

रीतसर मंजुरी मागितली असती तर वर्ष गेलं असतं, म्हणून मी गुपचूप करायचं ठरवलं. शब्द निवडला 'फडताळ'. त्यालाही कारण होतं. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. माझं मराठी म्हणजे वरण-भात-भाजी एवढंच. अलकाला बघायला साताऱ्याला गेलो तेव्हा तिचे वडील म्हणाले, "तो अल्बम घ्या बरं, फडताळात आहे." मला कळेना. मी वाकून पलंगाखाली बघितलं. आतल्या दारातून अलका खळखळून हसली आणि त्या हसण्यावरच माझं लग्न ठरलं. तेव्हापासून तो शब्द आमच्या दोघांचा होता.

नोएडाच्या यंत्रात तो शब्द भरला. फरीदाबादच्या यंत्रात शनिवारी तिथे जाऊन भरू असं म्हटलं आणि घरी गेलो.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने नंबर फिरवला.

"अहो, डबा खाल्लात का?"

खाल्ला म्हटलं. तिचा आवाज निवांत होता. नेहमी मागे टाइपिंगची टकटक आणि तिच्या शेजारच्या टेबलावरच्या गुप्ताजींचा खोकला ऐकू यायचा, आज यातलं काहीच नव्हतं. आम्ही बरंच बोललो. सरोजिनीनगरच्या क्वार्टरमागे एक जांभळाचं झाड होतं, त्याची आठवण तिने काढली. हे झाड मी तिला कधीतरी दाखवलं होतं, मी स्वतः विसरलो होतो. फोन ठेवताना मी हसत होतो.

मग समोरच्या पडद्यावर नजर गेली. फरीदाबाद लाल. सकाळपासूनच लाल. जेसीबीने तार तोडली होती, तक्रार माझ्याच नावाने नोंदवलेली होती आणि मी ती साफ विसरून फोन फिरवला होता.

तार तुटलेली, तर बोललो कशावरून? खाली बघितलं तर माझं टनेल हिरवं. चालू.

एकाच बाजूने खणलेलं भुयार उघडत नाही. पलीकडच्या टोकाला कोणीतरी तोच शब्द भरल्याशिवाय ते शक्यच नाही, आणि तिथे तो शब्द आमच्या दोघांशिवाय कोणाला सुचणारच नव्हता. त्यातल्या एकीला साधा वायफायचा पासवर्डसुद्धा माझ्याकडून घालून घ्यावा लागायचा.

संध्याकाळी अलका दमून आली. "काय दिवस होता बाई. ऑडिटवाले मानगुटीवर बसलेले. फोन बंद, नेट बंद. डबा तसाच परत आणलाय."

"दुपारी आपण बोललो ना?"

"कधी? अहो, फोन बंद होते म्हणतेय ना मी."

तिने डबा उघडून दाखवला. भेंडी जशीच्या तशी होती.

३

शनिवारी फरीदाबादला गेलो. यंत्र उघडून बघितलं. त्यात माझं टनेल नव्हतं, शब्द नव्हता, कोणी हात लावल्याची खूणही नव्हती. तिथूनच मोबाइलवरून नोएडाचं यंत्र बघितलं, तर तिथे टनेल चालू.

त्याच मिनिटाला बंद करायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात एक सवय हाडीमांसी खिळलेली असते, चालतंय त्याला हात लावायचा नाही. सोमवारी चड्ढासाहेबांच्या कानावर अर्धवट घातलं, तर ते फाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "कर्णिकजी, लिंक चल रहा है ना? फिर छेड़ो मत, यार." मलाही तेच हवं होतं. तुटलेली तार अजून जोडलेली नव्हती आणि दुपारचा फोन लागत होता.

मी स्वतःला कारणं दिली. आवाज कुठेतरी साठून राहतो आणि उलटा येतो. गुप्ताजींनी परस्पर काही जोडाजोड केली असेल. अलका चेष्टा करते आहे. यातलं एकही कारण मला पटत नव्हतं, पण फोन फिरवण्यापुरतं पुरत होतं.

आणि खरं सांगायचं तर मला आवडत होतं. घरी अलका दमलेली असायची, फोनवर तिच्याकडे वेळच वेळ होता. घरी कधी न बोललेलं मी तिथे बोललो. म्हटलं, या धुरात म्हातारपण काढायचं नाही, साताऱ्याला एक लहानसं घर घेऊ, अंगणात जांभूळ लावू. ती म्हणाली, "घेऊ की. मी येईन."

मग एक दिवस अलकाला ताप भरला. मी तिला गोळी देऊन, पांघरूण घालून ऑफिसला आलो. तार जोडली गेली होती, सगळं नीट होतं. दुपारी हाताने आपोआप नंबर फिरवला आणि घंटा वाजत असताना लक्षात आलं की आज तिच्या टेबलापाशी कोणीच नसणार.

"अहो, डबा खाल्लात का?"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "तू… तू तर घरी आहेस ना आज?"

"आहे ना घरी," ती मायेने म्हणाली. "झोपू द्या तिला."

मी फोन ठेवला. घरी मोबाइल लावला. खूप वेळाने अलकाने उचलला. झोपेतच होती.

४

पहिला शब्द गेला तो फडताळ. तो कधी गेला हे मला कळलंच नाही, कारण रोज तो कशाला लागतोय? साताऱ्याहून तिची बहीण वृंदाताई दोन दिवस राहायला आली होती. जेवताना मी जुनी फजिती रंगवून सांगितली, पलंगाखाली वाकल्याची. वृंदाताई पोट धरून हसल्या. अलका नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे काय असतं ते?"

"दिल्लीचं पाणी लागलं हो तुम्हाला," वृंदाताई म्हणाल्या. मीही हसलो. इथल्या मराठी घरांत हे नेहमीचंच. मुलांचे शब्द जातात, मग मोठ्यांचे. कोणी त्याला आजार म्हणत नाही.

त्यानंतर विळी गेली. "वो… ते हो, ज्याने भाजी कापतात." मग उलथनं, चाळणी, कोशिंबीर. मी सुरुवातीला चिडवायचो, मग आठवण करून द्यायला लागलो. सांगितलेला शब्द ती म्हणून बघायची, मान डोलवायची आणि सकाळपर्यंत तो पुन्हा गेलेला असायचा. त्या जागी हिंदी यायचं, तेही बाजारातलं, कामचलाऊ. वृंदाताईंचा फोन आला की ती "हाँ, ठीक है, ठीक है" म्हणून माझ्या हातात द्यायची. थालीपीठाची भाजणी समोर घेऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पुढे काय करायचं ते तिला आठवेना, त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं उत्तम. "स्ट्रेस है," म्हणाले. "छुट्टी दिला दीजिए." तिने नोकरीवर रजा टाकली.

ऑफिसात मी प्रथमच नीट बघितलं की त्या टनेलमधून काय जातंय. एरवी कोणतीही लाइन दोन्ही बाजूंनी वाहते, मागणं जातं, उत्तर येतं. हे फक्त एकाच दिशेने वाहत होतं, आपल्याकडून पलीकडे. फोन चालू असो नसो, बारीक धार अखंड चालू. तिचा आवाज रोज माझ्या कानात पडत होता, तरी नोंदीत पलीकडून काहीच येत नव्हतं.

मी फोन उचलला. "ज्याने भाजी चिरतात त्याला काय म्हणतात?"

"विळी," पलीकडून लगेच उत्तर आलं. आवाजात कौतुक होतं. "आणि नारळ खवायची ती खवणी. आणखी विचारा ना."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. माझी बायको थेंबाथेंबाने पलीकडे चालली होती आणि वाट मीच काढून दिली होती. बंद करावी, तर गेलेलं तिकडेच अडकेल का? उघडी ठेवावी, तर उरलेलंही जाणार. मी कीबोर्डवर हात ठेवायचो आणि उचलायचो. असे किती दिवस घालवले, सांगायला तोंड नाही.

५

नोएडाच्या ऑफिसात मीटिंगची एक काचेची खोली आहे. भिंतीवर मोठा टीव्ही, वर कॅमेरा. तसाच टीव्ही फरीदाबादच्या मीटिंगच्या खोलीत आहे. एके दिवशी सकाळी सगळे चहाला गेले होते. मी आत जाऊन फरीदाबादची खोली लावली, पण आमच्या लाइनवरून नव्हे, टनेलवरून.

चित्र लगेच आलं. तीच खोली. लांब टेबल, कंपनीचं कॅलेंडर, कोपऱ्यात पाण्याचा जार. बघता बघता मला अस्वस्थ वाटायला लागलं आणि मग कारण कळलं. खोलीला दार नव्हतं. दाराच्या जागी भिंत होती, तशीच पिवळट, तशीच डाग पडलेली.

टेबलाशी कोणीतरी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलं होतं. अलकाचा तपकिरी स्वेटर, अलकाचा अंबाडा. अलका त्या वेळी घरी होती, निघताना मीच तिला चहा दिला होता. ही बसलेली बाई किंचित पुढेमागे डुलत होती. आवाज वाढवला तेव्हा ऐकू आलं. लहान मुलं संध्याकाळी परवचा म्हणतात तशी ती म्हणत होती.

"विळी. उलथनं. चाळणी. खवणी. भाजणी. कोशिंबीर."

प्रत्येक शब्द एकदा म्हणून थांबायची, चव घेतल्यासारखी.

"वृंदाताई. आई. दादा. जांभूळ."

बाहेर काचेपलीकडे आमच्या ऑफिसातली माणसं हसत हसत परत येत होती.

"जयंत."

अलकाने उभ्या आयुष्यात माझं नाव कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती बाई ते नाव पुन्हा म्हणाली, या वेळी जास्त चांगलं, आणि तिची मान वळायला लागली. अंबाड्याच्या कडेने गालाची रेघ दिसू लागली. त्या गालाला अजून काहीतरी यायचं होतं, तो पुरता झालेला नव्हता. काय यायचं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी टीव्हीची वायरच उपटली.

तसाच टेबलाशी गेलो आणि टनेल पुसून टाकलं. या वेळी कीबोर्डवरून हात उचलला नाही. पडद्यावरून हिरवा ठिपका गेला आणि मी बॅग उचलून घरी निघालो.

६

दार उघडायच्या आधीच जिन्यात खमंग वास आला.

"अहो, आज इतक्या लवकर? हातपाय धुवा, गरम थालीपीठ टाकते. भाजणी जरा जाडसर दळली गेलीय मेली, पण चालेल."

मी दारातच खाली बसलो. ती घाबरून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. मी तिच्या पदरात तोंड घालून लहान मुलासारखा रडलो. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळं परत आलं होतं. त्या संध्याकाळी ती वृंदाताईंशी पोटभर बोलली, अस्सल साताऱ्याचं मराठी, मध्ये मध्ये तिकडच्या म्हणी. ताई फोनवर देवाचे आभार मानत होत्या. डॉक्टर म्हणाले, "देखा? बोला था ना, स्ट्रेस था."

ते दिवस सुखाचे गेले. खोटं कशाला बोलू?

मग एका रविवारी दुपारी जेवताना ती म्हणाली, "अहो, साताऱ्याचं घर बघायला कधी जायचं? म्हणजे अंगणात जांभूळ लावता येईल असं बघायचं ठरलंय ना आपलं?"

माझा घास हातातच राहिला. "कधी ठरलं?"

"तुम्हीच नाही का म्हणालात? फोनवर," ती सहज म्हणाली. "लाइन तुटली होती तेव्हा. आमटी वाढू?"

मी हो म्हटलं. तिने आमटी वाढली. तिचा चेहरा अलकाचा होता, पुरता झालेला, कुठेही काही कमी नव्हतं. मी ती आमटी संपवली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

मी भुयार बुजवलं तेव्हा कोण कुठल्या बाजूला होतं, हे मी बघितलंच नव्हतं.

७

सोमवारी ऑफिसात जाऊन टनेल पुन्हा बांधलं, पहिल्यासारखंच, त्याच शब्दावर. ते उघडलं नाही. यंत्राने कारण दिलं, पलीकडून कोणीतरी जोडणी मागतंय, पण शब्द जुळत नाही.

मी बराच वेळ ती ओळ वाचत राहिलो. म्हणजे पलीकडे कोणीतरी होतं. काही वेळाने पुन्हा मागणी आली, पुन्हा शब्द चुकला. परत आली, परत चुकला. कोणता शब्द आला हे यंत्र दाखवत नाही, चुकला एवढंच सांगतं.

अलका त्या दार नसलेल्या खोलीत होती. शब्द सांगितला की वाट उघडते एवढं तिला कुठेतरी कळत होतं आणि नेमका तोच शब्द तिच्याकडून सगळ्यात आधी गेला होता.

तिला शब्द सांगायला वाट नव्हती, म्हणून मी माझ्या टोकाचा शब्द बदलायला लागलो. शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ काय उरलं होतं ते आठवून एकेक भरून बघितला. पानी. बस. ठीक है. चाय. घर. दरवाज़ा. एक भरायचा, थांबायचं, पलीकडून मागणी येते का बघायचं. यायची. चुकायची. ती तिकडे बदलत असेल, मी इकडे बदलत होतो, आणि आमचे दोघांचे शब्द एका क्षणी एकत्र यावेत एवढंच मागणं होतं. मी उखाण्यातलं माझं नावसुद्धा भरून बघितलं. चड्ढासाहेबांनी विचारलं, "क्या कर रहे हो सारा दिन?" मी म्हटलं, टेस्टिंग.

हळूहळू मागण्या विरळ झाल्या. सकाळी एखादी, दुपारी एखादी. मग नुसतीच दुपारी, जेवायच्या सुट्टीच्या सुमाराला. त्या वेळी मी जागचा हलायचो नाही. मागणी यायची, त्यात शब्दच नसायचा. रिकामी.

या आठवड्यात एकही आली नाही. आज मी जेवायची सुट्टी संपेपर्यंत वाट पाहिली, नोएडाहून मेट्रो धरली आणि घरी आलो. तिने दार उघडलं. टेबलावर साताऱ्याच्या एका घराचे फोटो काढून ठेवले होते, वृंदाताईंनी पाठवलेले.

"आज लवकर सुटलात?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आता रोज लवकरच येईन."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या हातातली बॅग घेतली.